हळदीकुंकू लावलेले मोजे

धावणाऱ्या माणसाचं अख्खं नशीब मोज्यांवर अवलंबून असतं, हे मला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी कळलं.

धावत मी नाही. धावते ती माझी बायको, वैशाली. नाशिकरोडची आमची कॉलनी गोधडीत घोरत असताना ही रस्त्यावर! वर्षभर तिचा एकच ध्यास, दहा किलोमीटर एका तासाच्या आत. दर वेळी थोडक्यात हुकायचं. पण तिनं ना कधी आदळआपट केली, ना एक दिवस बुडवला. तिच्या जागी मी असतो, तर पहिल्याच दिवशी रिक्षा केली असती.

शर्यतीच्या आदल्या दिवशी मला प्रेमाचं भरतं आलं. तिचे पळायचे मोजे दोरीवर वाळत होते. मळकट, विरलेले! एवढ्या शुभकार्याला जुनं वस्त्र? आमच्याकडे सणाला टॉवेलसुद्धा नवा लागतो! तेवढ्यात दारात बोहारीण आली. माझी जुनी पँट आणि ते मोजे देऊन मी स्टीलची वाटी मिळवली (चांगली घासाघीस करून!). मग बाजारातून नवेकोरे 'फ्री साइज' मोजे आणले, दोन्हींना हळदीकुंकू लावलं आणि गुपचूप तिच्या पिशवीत ठेवले.

सकाळी मैदानावर वैशालीनं पिशवी उघडली.

"अहो, माझे मोजे?"

"सरप्राइज!"

तिचा पाय चार नंबरचा. मोज्याची टाच थेट पोटरीवर! लेकीचं पळणं बघायला खास नामपूरहून आलेल्या सासूबाईंनी वाकून पाहिलं.

"जावईबापू, हाई मोजा शे का कांदास्नं पोतं?"

"माझे जुने कुठेत?" वैशालीनं विचारलं.

"त्यांची... वाटी झाली."

तिनं मोज्याचा उरलेला भाग बोटांखाली दुमडला, बूट आवळले आणि गेली. दोन शिव्या घातल्या असत्या, तर मला बरं वाटलं असतं.

सासूबाई आणि मी निम्म्या वाटेवर, इंदिरानगरच्या वळणावर जाऊन उभे राहिलो. वैशाली आली ती लंगडत. मोजा बुटात गोळा झालेला, टाचेला हा मोठा फोड! फुटपाथवर बसून बूट काढताना तिचे डोळे भरून आले.

"गेलं हो हे वर्ष," ती म्हणाली.

"माझे मोजे घे!" मी दानशूरपणे म्हणालो.

"तुमचा नंबर दहा आहे!"

एवढ्यात सासूबाईंनी चपला काढल्या. थंडीमुळे त्यांच्या पायात अंगठ्याचे मोजे होते, चपलेवर घालतात तसले, हिरव्या फुलांचे. मायलेकींचा पाय एकाच मापाचा!

"हाई घाल. माले कधी चावनात नहीत. पळ आते!"

आणि वैशाली पळाली. काय पळाली! महागडे बूट, काळे चष्मे, मनगटावर घड्याळं मिरवणाऱ्यांच्या मधून हिरवी फुलं सपासप निघून गेली. आम्ही रिक्षा करून शेवटच्या रेषेवर पोहोचेपर्यंत (मी रिक्षा करणार, हे सांगितलं होतंच!) ती पोहोचलीसुद्धा होती. तासाच्या आत! मी इतका ओरडलो, की लोकांना वाटलं मीच जिंकलो.

तो फोटो आमच्या हॉलमध्ये आहे. पदक घातलेली वैशाली, शेजारी मोज्यांविना, नुसत्या चपलांतल्या सासूबाई आणि कडेला दोन्ही हातांत हळदीकुंकवाचे मोजे धरलेला मी. त्या वाटीत मला अजून ताक मिळतं. तेही अर्धी वाटी.

परवा बोहारीण पुन्हा आली. वैशालीनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि तिला विचारलं, "ह्यांचं काय देशील?"

"ताई, ह्यांना न्यायचं तर वरून एक पातेलं तुम्हीच द्या."

"मग राहू देत," वैशाली हसून म्हणाली. "जुने आहेत, विरलेत, पण मापात बसलेत."

लग्नानंतर माझी एवढी स्तुती पहिल्यांदाच झाली. मोज्यांच्या रांगेत बसवून झाली, पण झाली!