केबिनमधून आलेला कोळसा

मॅनेजरने कोळशाचे हात माझ्या पांढऱ्या कोटाला पुसले. आधी उजवा, मग डावा. बॉयलरसमोर, सगळ्यांच्या देखत.

"पढ," तो म्हणाला. "जोर से. तेरा मामा भी सुने."

मी माझ्या लॅबचा कागद वाचला. "पाच हजार दोनशे." एक किलो कोळसा जळला की इतक्या किलोकॅलरी उष्णता. साड्यांच्या डाईंगला भरपूर.

"कोयला अच्छा है. मतलब हाथ खराब है." तो मामाकडे वळला. "गाँव में जिंदगीभर गोबर जलाया, तू भट्ठी क्या समझेगा?"

कोणीतरी हसलं. वाफ कमी पडली होती, साड्यांच्या अख्ख्या लॉटला डाग पडले होते. दोष भट्टीत कोळसा घालणाऱ्या फायरमनचा. आणि फायरमन माझा मामा. अमळनेरहून मला सुरतेला आणणारा. बमरोलीच्या एका खोलीत ठेवून मला बी.एस्सी. करणारा. "भाचा लॅबमा शे," असं सगळ्या चाळीला सांगत फिरणारा.

मामाने माझ्याकडे पाहिलं. "भाचा, कोळसा ओला शे. तू सांग ना."

मी कागद घडी करून खिशात घातला.

मला माहीत होतं. आज हे लिहितोय ते एवढंच कबूल करायला. नमुना ढिगातून घ्यायचा असतो. ट्रक रिकामा झाला की दहा जागी फावडं घालून. आमच्याकडे तो मॅनेजरच्या केबिनमधून यायचा, पिशवीत. कोरडा, चकचकीत. कोळशाचा ठेकेदार त्याचा मेहुणा. मी त्यातला एक ग्रॅम तोलायचो, ऑक्सिजन भरलेल्या पोलादी भांड्यात पेटवायचो, भोवतीचं पाणी किती तापलं ते बघून आकडा काढायचो. आकडा खोटा नव्हताच. कोळसा दुसरा होता. या एका वाक्यावर मी दोन वर्षं शांत झोपलो.

मामाला भट्टीवरून काढून राखेवर घातलं. फायरमनचं सर्टिफिकेट असलेला माणूस, पंचावन्नाव्या वर्षी गरम राखेची हातगाडी ओढायला लागला. त्या दिवशी जेवताना त्याने विचारलं, "तुले माहीत व्हतं का?"

"नाही," मी म्हणालो. भात कालवत.

लॅबच्या भिंतीवर इंधनांचा तक्ता आहे. तळाला गोवरी, मग लाकूड, लिग्नाइट, दगडी कोळसा, डिझेल. सगळ्यात वर गॅस. पांढरा कोट घातल्यापासून मी स्वतःला दगडी कोळसा समजत होतो. आणि मामाला गोवरी. मॅनेजर जे तोंडाने बोलला ते मी मनात कधीचंच मान्य केलं होतं.

गेल्या महिन्यात नव्या फायरमनला तसंच उभं केलं. ओडिशाचा आहे. तोच ओला कोळसा, तीच पिशवी.

"पढ."

"हा ढिगातला नाही," मी म्हणालो.

"तू आकडा लिखने के लिए है, बोलने के लिए नहीं." आणि त्याचा काळा हात माझ्या कोटाकडे आला. मी मनगट धरलं.

"हात लावू नकोस." मराठीत बोललो. त्याला समजलं.

मग ढिगावर गेलो. दहा जागी फावडं घातलं. तोललं, पेटवलं. तीन हजार सहाशे. लाकूड बरं म्हणायचं. बॉयलरच्या फळ्यावर खडूने आकडा लिहिला. खाली 'नमुना ढिगातून'. खाली सही.

पाळी सुटताना राखेच्या गाडीपाशी गेलो. "मामा, माले माहीत व्हतं. तवय बी."

त्याने दांडे सोडले नाहीत. "आते सांगस?" म्हणाला. गाडी ढकलत निघून गेला. त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही. बरोबर आहे त्याचं.

फळा रोज पुसला जातो. मी रोज लिहितो. आकडा मागे घे, अशी नोटीस आली आहे. उत्तर दिलेलं नाही. उद्या ट्रक येईल, केबिनमधून पिशवी येईल. ती मी उघडणार नाही. मला राखेवर घालायचं तर घाला. मामाच्या मागची गाडी मी ओढीन, आणि कोणी विचारो न विचारो, आकडा मोठ्याने सांगीन.