तेल लावलेलं लाकूड

सत्याऐंशीच्या वैशाखात आम्ही कल्याणला एस.टी.तून उतरलो, तेव्हा बाबांच्या काखेत जुन्या धोतरात बांधलेला लाकडाचा तुकडा होता. आमच्या शिडाच्या होडीच्या पठाणाचा (तळाचा कणा). पठाण किड्यांनी पोखरलं होतं, नवं घालणं झेपणारं नव्हतं. भोकं बुजली नाहीत तर होडी फोडायची, असं बाबांनी ठरवलं होतं. याच होडीने मला बी.एस्सी. केलं, घराण्यातला पहिला. इपॉक्सीच्या लांबीने (भोकं बुजवायचा लगदा) अशी भोकं भरतात, हे मी कुठेतरी वाचलं होतं. माझ्या सरांनी बदलापूरच्या नेनेसाहेबांच्या नावे चिठ्ठी दिली होती.

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये एवढी वर्दळ, की बाबा माझा शर्ट धरून चालले. रसायनांच्या सिंधी दुकानदाराने इपॉक्सीच्या दोन डब्यांतला माल कालवला, पावडर घालून लोण्यासारखा घट्ट केला आणि तिथेच भोकात भरून दिला.

"चाचा, सुबह तक पत्थर. मग हातोडी मारा," तो म्हणाला. वर आम्हाला दाल-पकवान (कडक तळलेली पुरी आणि डाळ) खाऊ घातलं. पकवान मोडता मोडता बाबा पुटपुटले, "ह्याचीच फळी बसवू या."

मुक्काम अंबरनाथला, गाववाल्याच्या खोलीवर. संध्याकाळी शिवमंदिर पाहिलं. मी मूर्ती बघत होतो, बाबा दगडांचे सांधे बोटांनी चाचपत होते.

सकाळी बदलापुरात बेलवलीला नेनेसाहेबांकडे गेलो. ते रंगाच्या कारखान्यात अधिकारी. बाबांनी गाठोडं सोडलं, अंगठा दाबला आणि गऱ्यातून आठळी सुटावी तशी लांबी अख्खी बाहेर आली. बाबा धोतर पुन्हा गुंडाळू लागले.

साहेबांनी तुकडा घेऊन हुंगला. "याला तेल कधी लावलंत?"

"निघायच्या सकाळी." बाबा म्हणाले, "परगावी न्यायचा. सुका कसा न्यायचा, सायेब?"

मला मामाकडे धाडताना ते असंच माझं डोकं तेलाने चोपडत. त्या सकाळी तेलाची वाटी धरून मीच उभा होतो. रसायनशास्त्राचा पदवीधर.

साहेब हसले नाहीत. तेलकट लाकडाला लांबी धरत नाही, एवढंच म्हणाले. त्यांनी थिनर, पॉलिश पेपर आणला, बाबांना अंगणात खुर्ची दिली. जन्मभर जे लाकूड गुळगुळीत केलं, ते बाबा खरवडत बसले. मग साहेबांनी भोकात नव्याने लांबी भरली. ती वाळेपर्यंत दोन दिवस आम्हाला ठेवून घेतलं. नेनेवहिनींनी वालाचं बिरडं वाढलं, बाबांना आग्रहाने दुसऱ्यांदा. निघायच्या दिवशी साहेबांनी पटाशी मारली. लाकडाचा टवका उडाला, लांबी जागची हलली नाही.

गावी परतल्यावर बाबांनी आठ दिवस पठाण खरवडलं. इतकं फिकट, कोरडं मी ते कधी पाहिलं नव्हतं. मग उल्हासनगरहून आणलेले डबे माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "आता तू लाव."

नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात गेली. खाडीच्या मध्यावर बाबांनी वाकून तळाशी हात फिरवला आणि तोच तळवा माझ्या गालावर ठेवला. कोरडा होता.

बेलवलीच्या त्या अंगणाचे उपकार मी कधी फेडले नाहीत. साहेबांना पत्र मात्र त्याच संध्याकाळी लिहिलं. बाबांनी सांगितलं तेवढंच: होडी गळत नाही.