हातमोजे तेवढे राहिले होते

२० जानेवारी १९९२, सोमवार. आरोग्य उपकेंद्राच्या मागच्या पायरीवर बसून मी रबरी हातमोजे तपासत होते. धुतलेल्या प्रत्येक मोज्यात पाणी भरायचं, बोटं दाबायची, कुठून धार लागते ते बघायचं. सगळ्या ढिगातून एकच जोडी धड निघाली. ती सुकवून, पावडर लावून पर्समध्ये ठेवली. कपाटात ठेवली असती तर लगेच संपली असती.

देशाचं सोनं गहाण पडल्याची बातमी आदल्या वर्षी रेडिओवर ऐकली होती. तेव्हा वाटलं, आपला काय संबंध? दिवाळीपर्यंत आमचा पुरवठा निम्म्यावर आला, मग तोही थांबला. वरून तोंडी निरोप आला, ‘आहे त्यात भागवा.’ मग दिवस भरत आलेल्या बायकांना मी सांगू लागले: येताना कापूस, ब्लेड, दोरा, साबण, हातमोजे घेऊन या. दरडावूनच सांगायचे, म्हणजे विसरत नाहीत.

आमची दाई खाडीकाठच्या याच गावातली. झाडता झाडता म्हणाली, “बाय, ती मार्केटातल्या हमालाची बायको दोन खेपा आली नाय.”

“येईल. तारीख विसरली असेल.”

“इसरतंय कोन! तुमीच सांगलं ना, सामान आना. आता बसा वाट बघत.”

दुपारी रक्तदाबाचं मशीन घेऊन तिच्या खोलीवर गेले. माणसं साताऱ्याकडची. सासूने चटई टाकली. सून भिंतीला टेकून बसली होती. चेहरा सुजलेला, बांगड्या मनगटात रुतलेल्या.

“डोकं लई ठणकतंय,” ती म्हणाली.

“मग आली का नाहीस?” मी ओरडलेच.

सासूने फळीवरून डालड्याचा डबा काढून माझ्यापुढे उघडला. कापूस, ब्लेड, दोरा, कोरा साबण.

“समदं जमलंय बघा, बाई. हातमोजं तेवढं ऱ्हायल्यात. पोरगा आणतो म्हणलाय. रिकाम्या हातानं कसं यायचं तुमच्या दारात?”

नुसतं तपासायला यायचं तरी डबा लागतो, असं त्या धरून बसल्या होत्या. मी कधी वेगळं सांगितलंच नव्हतं. रक्तदाब मोजला. आकडा त्यांना सांगितला नाही, रिक्षा बोलावली.

मोठ्या सरकारी दवाखान्यात टेबलामागच्या सिस्टरने वर न बघताच विचारलं, “सामान आणलंय?”

माझंच वाक्य. आवाजसुद्धा माझाच.

सासूने घाईघाईने डबा पुढे केला. “हातमोजं न्हाईत, बाई. चुकलं आमचं.”

मी पर्समधली जोडी काढून टेबलावर ठेवली. सिस्टरने जोडीकडे पाहिलं, मग माझ्या गणवेशाकडे, आणि मान खाली घातली. मीही घातली. सुनेला आत नेलं.

संध्याकाळी मुलगी झाली. दोघी वाचल्या. “तुमच्या मोज्यांनी तारलं,” म्हणत सासू माझ्या पाया पडायला वाकली. मी तिला धरून उभं केलं आणि तिथून जवळजवळ पळच काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपकेंद्र उघडायच्या आधी दाईला बरोबर घेतलं आणि दिवस भरत आलेल्या प्रत्येकीच्या दारात जाऊन उभी राहिले. “तपासायला या. हात हलवत या.”

दाई मागून ओरडत होती, “ऐकलं ना गो? डबा नको!”