तुटलेला अध्याय

वसमतच्या स्टँडामागं मोबाइल दुरुस्त करणारा एक जण बसतो. "होईल" असं तो कधी म्हणत नाही. कुठलाही फोन हातात घेतला की कपाळाला आठ्या घालतो, "बघू, लेकराला काय तकलीफ हाय."

मी नंदुरबारकडची. चौथीत शाळा सुटली. वाचते, पण अडखळत. इथं हळदीच्या गोदामात कामाला निघाले, तेव्हा आमच्या पाळकांनी स्वतःच्या आवाजात, आमच्या मावची बोलीतलं येशूचं वचन मेमरी कार्डावर भरून दिलं. पुढं पाळक वारले, आणि आता कार्डही बंद पडलं. दुसरं कुठं मिळेल, ठाऊक नव्हतं. ते घेऊन मी त्याच्या दुकानात गेले.

त्यानं बरंचसं परत काढलं. मग म्हणाला, "तुमची बोली मला कळंना. तूच ऐक, कुठं तुटलं ते सांग." स्वतःचे इयरफोन दिले. एका अध्यायाचा शेवट गेला होता.

"पाठ हाय का?"

"आहे. पण चुकलं तर?"

त्यानं पंखा बंद केला आणि रेकॉर्डिंग सुरू करून फोन माझ्यापुढं धरला. गिऱ्हाइकं कुरकुरली, "काहून बंद केला भाऊ? उकडून मारतो का?"

"गप बसा जरा. बाई देवाचं बोलून राहिली."

मी बोलले. तो मान खाली घालून बसला होता.

आता त्या अध्यायात पाळकांच्या मागून माझा थरथरता आवाज येतो. त्या माणसाचे उपकार फिटायचे नाहीत. पण तिथं आलं की मी अजून श्वास रोखते. एखादा शब्द चुकला असेल, तर तोही आता वचनात गेला.