अपुऱ्या भिंतीचं गाव

ज्या गावात आपण जन्मात पाऊल ठेवलेलं नाही, त्या गावात दुसऱ्यांना वाट दाखवत हिंडणारा पृथ्वीवर एकच माणूस झाला असेल, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. मामा राहतात सिंगापूरला, क्लेमेंटीत. गाव आहे इटलीत, एका डोंगराच्या माथ्यावर. त्याचं नाव मी सांगत नाही, कारण मामांच्या मते ते आमच्या घरात कुणालाच धड उच्चारता येत नाही, आणि चुकीचं उच्चारण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं.

मामा तुआसला जहाजांच्या कारखान्यात इंजिनिअर होते तेव्हा पंप बसवून द्यायला एक इटालियन गृहस्थ आले होते. जाताना त्यांनी आपल्या गावाच्या चित्रांचं कॅलेंडर भेट दिलं. वर्ष संपलं, कॅलेंडर भिंतीवरून उतरलं नाही. मामा जेवताना त्याच्याकडे बघत राहिले आणि मग वाचायला लागले. तटाच्या पायातले दगड रोमनांच्याही आधीचे कसे, शेजारच्या शहराने वेढा घातला तेव्हा चौकातल्या विहिरीचं पाणी लोकांनी कसं वाटून घेतलं, मनोऱ्यावरच्या घड्याळाला एकच काटा का. स्वतःच्या घरात मीठ कुठल्या डब्यात असतं हे त्यांना आजही सांगता येत नाही, पण त्या गावातलं मिठाचं कोठार मनोऱ्याच्या कुठल्या अंगाला होतं हे ते झोपेतही सांगतील. त्यांचा सगळ्यात जास्त जीव मात्र तिथल्या चर्चवर. आत संगमरवर, सोनं, चित्रं. आणि दर्शनी भिंत नुसत्या ओबडधोबड विटांची. काम चालू असताना प्लेगची साथ आली, गवंडी गेले, आणि भिंत शतकानुशतकं तशीच राहिली.

एवढं ज्ञान एकट्याने सांभाळणं अवघड, म्हणून दर रविवारी सकाळी मामा क्लेमेंटीतच ते गाव दाखवतात. विद्यापीठात नव्याने आलेली, खोली भाड्याने घेऊन राहणारी मराठी मुलं मामींच्या पोह्यांच्या आशेने येतात आणि मध्ययुगात अडकतात. बसस्टॉप ही वेस. इमारतीखालच्या मोकळ्या जागेत चिनी आजोबा पट मांडून बसतात, तो चौक. खाण्याच्या टपऱ्यांचं हॉकर सेंटर ही मंडई. "आणि हा मनोरा," असं म्हणून त्यांनी एकदा कोपऱ्यातल्या उंच खांबाकडे हात केला, तेव्हा माझी मुलगी इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "मामाआजोबा, दॅट्स जस्ट अ लॅम्प पोस्ट, ला." मामा शांतपणे म्हणाले, "वेढा पडला म्हणजे कळेल तुला."

मग ते स्वतः का जात नव्हते? अभ्यास पुरा झाला नव्हता. तिथे उभं राहिल्यावर एखाद्या दगडाबद्दल काही माहीत नसावं, ही कल्पनाच त्यांना सहन होत नसे. शिवाय दर वर्षी नवं पुस्तक मिळायचं आणि गाव आणखी एक वर्ष लांब जायचं. मामींनी नवी बॅग घेतली, ती जुनी झाली. "यांचा अभ्यास होईपर्यंत त्या गावाचं भूकंपात काहीतरी व्हायचं," असं त्या हसत म्हणत. त्यांना तिथल्या इतिहासाचं काही नव्हतं. ज्या गावाने इतकी वर्षं आपल्या जेवणाच्या टेबलावर जागा अडवली, ते एकदा डोळ्यांनी बघायचं होतं, इतकंच.

गेल्या वर्षी एका रविवारी मामी पहिल्यांदाच फेरीला आल्या. इमारतीच्या मागे लहानशी टेकडी आहे आणि तिच्या पायऱ्यांच्या टोकाला मामांचं चर्च, म्हणजे एक छत्रीवजा निवारा. अर्ध्यावर मामी गुडघा धरून पायरीवर बसल्या.

"तुम्ही जा वर," त्या म्हणाल्या. "आल्यावर सांगा कसं आहे ते."

"निवाराच तर आहे, मामी," मी म्हणालो.

"इथलं नाही म्हणत मी, जावईबापू."

मामांनी हातातली छत्री मिटली. मुलं वर जाऊन थांबली होती. मामा गेले नाहीत. ती फेरी चर्चविनाच संपली, जे कधीच झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला: विमानाची तिकिटं कशी काढतात? मी खट्याळपणे विचारलं, "आणि अभ्यास? परवाच म्हणालात, तटाच्या उत्तर बाजूचं राहिलंय."

"राहू दे," मामा म्हणाले. "त्यांची भिंत राहिलीच ना?"

ते तिथे पोचले त्या संध्याकाळी मामींचा फोन आला. मागे घंटा वाजत होत्या.

"सगळं जिथल्या तिथे आहे हो. विहीर, घड्याळ, सगळं. पण हे सकाळपासून एक शब्द बोलले नाहीत. मला भीतीच वाटायला लागलीय."

"चर्च कसं आहे?"

"नाही बघितलं. अर्ध्या पायऱ्यांवर माझा गुडघा दुखायला लागला. म्हटलं, तुम्ही जा वर. तर शेजारीच बसलेत."

मी म्हणालो, मामांना द्या जरा. मग मामांचा आवाज आला, एरवीपेक्षा बराच हळू.

"वरचं मला पाठ आहे हो," ते म्हणाले. "इथे पायरीवर बसून काय दिसतं, ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं."