अण्णांना एक चोर हवा होता

रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात लोक सेट टाकून जातात आणि न्यायला येतच नाहीत. फळीवर सेट साचत जातात, आणि त्यांच्यासोबत त्या त्या घरातल्या गोष्टीही साचतात. सेट शेवटी भंगारात गेले. गोष्टी कोण घेणार? त्या माझ्याकडेच राहिल्या. परवा मित्रांमध्ये बसलो होतो. एकजण आपल्या फ्लॅटला बिनतारी अलार्म बसवल्याचं कौतुकानं सांगत होता. मी म्हटलं, "अरे, आम्ही हे सोलापुरात आणीबाणीच्या आधी करून बसलोय!" कुणाचा विश्वास बसेना. म्हणून सगळंच सांगतो.

दुकान नव्या पेठेत होतं. मालक शिवप्पा. घराणं भुसार मालाच्या अडतीचं, पण ह्याला ज्वारीच्या पोत्यांपेक्षा रेडिओच्या वायरी प्याऱ्या. मी कांबळे, आयटीआयमधून रेडिओ मेकॅनिक होऊन आलेला. तिसरा उस्मानभाई सुतार, रेडिओची लाकडी कॅबिनेटं करायचा.

एकदा शिवप्पानं जुन्या इंग्रजी मासिकात एक आकृती पाहिली. दार उघडलं की तार जुळते आणि बेल वाजते! म्हणाला, "कांबळे, लोकांचे रेडिओ बिघडायची वाट बघत बसण्यापेक्षा हे बरं. चोर काय, बारा महिने असतात की!"

त्याचे थोरले बंधू महादप्पा, म्हणजे सगळ्या बाजाराचे अण्णा. रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायचे, आणि एकदा बोट दाबलं की शब्द फिरवायचे नाहीत. धाकटा भाऊ अडतीवर येत नाही हे त्यांचं मोठं दुःख होतं. एके दिवशी दुकानात आले, बेल वाजवून पाहिली आणि विचारलं, "शिवा, ह्यानं किती चोर धरले?"

"अजून एक बी न्हाई, अण्णा."

"गड्ड्यापर्यंत एक चोर धरून दाखव. एकच, पण खरा. न्हाईतर संक्रांत झाली की गुमान अडतीवर येऊन बस. गादी घालून ठेवतो."

गड्डा म्हणजे आमची सिद्धेश्वराची जानेवारीतली जत्रा. तेव्हा नुकता श्रावण लागला होता. शिवप्पानं शब्द दिला. दुकान बंद म्हणजे माझीही नोकरी बंद. त्या दिवसापासून आम्ही तिघं देवाकडे चोर मागायला लागलो!

* * *

पहिलं गिऱ्हाईक पवार गार्डसाहेब. कुर्डुवाडीला रेल्वेत नोकरी करून रिटायर झालेले, एकटेच राहायचे. आम्ही मागच्या दाराला तार जोडली आणि बेल त्यांच्या उशाशी बसवली.

आणि काय नशीब! पंधरा दिवसांत, भर दुपारी, परसातून एक माणूस शिरला. खरा चोर! बेल खणखणली. गार्डसाहेब गाढ झोपेतून ताडकन उठले. उशाखालची शिट्टी काढून लांबलचक फुंकली. खुंटीवरचा हिरवा झेंडा घेतला आणि व्हरांड्यात उभे राहून हलवू लागले.

चोराच्या खांद्यावर पितळी घागर होती. त्यानं हिरवा झेंडा पाहिला आणि सावकाश चालत निघून गेला.

शिवप्पा रडकुंडीला आला. "साहेब, आयता आला होता की ओ! वरडायचं तरी!"

गार्डसाहेब शांतपणे म्हणाले, "हे बघा, बेल झाली, शिट्टी दिली, झेंडा दाखवला. उभ्या नोकरीत माझ्यामुळं गाडी कधी खोळंबली नाही!"

अण्णांना कळलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "धरला का? न्हाई ना? मग तो मोजायचा न्हाई."

* * *

गिऱ्हाइकांच्या तऱ्हा तरी किती! एक शाळामास्तरीणबाई आल्या. तासभर सगळं समजून घेतलं. बॅटरी कुठली, तार कुठली, उंदरानं कुरतडली तर काय, सगळं विचारलं. मग म्हणाल्या, "मला आतलं मशीन नको. नुसता डबा द्या, वर लाल दिवा लावून. चोर डबा बघूनच पळेल."

उस्मानभाईनं सुरेख पॉलिश केलेला रिकामा डबा दारावर ठोकून दिला. दोन महिन्यांनी बाई तणतणत आल्या. "माझा डबा वाजत नाही!"

"बाई, तो रिकामा हाय."

"ते मला माहीत आहे हो! पण समोरच्यांचा रोज वाजतो. आळीत काय शोभा राहिली माझी?"

उस्मानभाईनं डब्यात सायकलची घंटी बसवली आणि तिची दोरी घरात सोडली. पुढं कित्येक महिने बाई शाळेतून आल्या की आधी दोरी ओढायच्या आणि मग चहा टाकायच्या.

* * *

खरी गंमत पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत झाली. तिथं नरसय्या शेठचं घर होतं, आणि बोळाच्या पलीकडे त्यांची चादरीच्या मागांची शेड. मुलीचं लग्न ठरलेलं. घरात साड्या आणि चांदी येऊन पडलेली. म्हणून त्यांना अलार्म हवा होता.

पण एक पद्धत होती. घराला कुलूप लावायचं आणि किल्ली दारावरच्या कोनाड्यात ठेवायची. शिवप्पानं विचारलं, "शेठ, किल्ली बरोबर का न्हाई नेत?"

नरसय्या शेठ दुखावले. "आणि पाव्हणे आले तर? त्यांनी बाहेर उभं राहायचं का?"

उस्मानभाई कपाळावर हात मारून म्हणाला, "ताला बी लगाते, चाबी बी दिखाते!"

पाहुणे काय, घरची माणसं काय, ज्यांचं येणं-जाणं होतं त्यांना एक खटका दाखवून ठेवायचा, असं ठरलं. चौकटीच्या वर हात घालून खटका दाबला की बेल गप्प.

आम्ही बेल शेडमध्ये बसवली, तिथं कायम माणसं असतात म्हणून. चाचणी घ्यायची म्हणून उस्मानभाई चोर झाला. कोनाड्यातून किल्ली घेऊन आत शिरला. आम्ही शेडच्या दाराशी उभे. बेल वाजत असणार, पण चाळीस माग खटाखट खटाखट चाललेले! बेलच्या खाली उभा असलेला विणकरसुद्धा मान वर करीना.

अर्ध्या तासानं उस्मानभाई परत आला. तोंड धुतलेलं, केस विंचरलेले. म्हणाला, "मियाँ, मैं मुँ धोया, पानी पिया, झोपाळे पे बैठा. पान का डब्बा बी सामने था, दो खाया. चोर को इससे अच्छा घर नक्को!"

* * *

त्या दिवशी आम्ही परत निघालो. चौकात शिवप्पा अचानक थांबला. "कांबळे, मागांच्या आवाजात त्या लोकांना काय ऐकू येतं?"

"काहीच नाही. फक्त रेडिओ. तो त्यांनी कानाशी मोठ्यानं लावलेला असतो."

"मग चोर रेडिओतच ऐकवायचा!"

शेठच्या दारात एक छोटं यंत्र बसवलं. दार उघडलं की त्यातून ठिणग्या उडायच्या आणि आसपासच्या रेडिओत खर्र खर्र व्हायचं. मधे वायर नाही, काही नाही. आमचा बिनतारी अलार्म तो हाच! सरकारला विचारायचं असतं वगैरे आमच्या डोक्यातही आलं नाही.

पहिल्याच आठवड्यात क्रिकेटची कॉमेंट्री चालू असताना नरसय्या शेठची मेहुणी आली आणि खटका न दाबताच तिनं दार उघडलं. चेंडू हवेत, खाली फील्डर, आणि खर्र! अख्खा बोळ घरापुढं जमला. तिथंच असलेला शिवप्पा आनंदानं पुढं झाला, तर एकानं त्याची गचांडी धरली. "चोराचं सोड बे! कॅच धरला का न्हाई ते सांग!"

दुसरी तक्रार खुद्द नरसय्या शेठची. डॉक्टरांनी त्यांना तळलेलं बंद केलं होतं. दुपारी बायको, लक्ष्मम्मा, शेजारी सुताच्या कांड्या भरायला बसली की शेठ गुपचूप भज्याच्या गाड्यावर जायचे. पण आता दार उघडलं की शेजारच्या रेडिओत खर्र! शेठ खटका दाबायला रोज विसरायचे आणि गाड्यावर पोचायच्या आत लक्ष्मम्मा तिथं हजर.

शेठ हात जोडून म्हणाले, "काढा हो हे!"

लक्ष्मम्मा म्हणाली, "चोर सापडला न्हाई तरी चालतंय. ह्याला हात लावायचा न्हाई!"

* * *

दिवाळी गेली. चोर काही मिळेना. अण्णांनी अडतीवर खरोखरच नवी गादी भरून घेतली. शिवप्पाला जेवण जाईना. एक दिवस नरसय्या शेठच्या ओट्यावर बसून म्हणाला, "ह्या लोकांना जागं करायचं कसं? बेल ऐकू येत न्हाई. रेडिओ खरखरला की कान पिळून दुसरं स्टेशन लावतात."

तेवढ्यात लाईट गेली. चाळीस माग एकदम थांबले. आणि काय सांगू! रात्रपाळी करून दिवसा झोपलेली माणसं फटाफट दारात आली. पाळण्यातली पोरं रडायला लागली. म्हातारे काठ्या टेकत बाहेर आले. "काय झालं? काय झालं?"

लक्ष्मम्मा कांड्या भरता भरता म्हणाली, "माग चालू असले की सगळे झोपतात. बंद पडले की मेलेला बी उठतो."

शिवप्पानं तिच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं. आठ दिवस आम्ही शेडमध्ये ठाण मांडलं. आता यंत्राची खरखर एका खास सेटमध्ये पकडायची आणि तिच्यानं शेडचं मेन स्विच पाडायचं. दार उघडलं की माग बंद! जगातले लोक आवाज करणारे अलार्म बसवत होते. आम्ही आवाज बंद करणारा बसवला. पहिले चार दिवस बोळातून फटफटी गेली तरी तिच्या ठिणगीनं माग थांबायचे आणि विणकर आम्हाला तेलुगूत काय काय म्हणायचे. मला तेलुगू येत नाही हे बरंच. मग ते जमलं.

आता फक्त चोर यायचा राहिला होता.

* * *

गड्डा आला. मिरवणुकीचा दिवस. सगळं गाव नंदीध्वजांच्या मानाच्या काठ्या बघायला रस्त्यावर. नरसय्या शेठ कुटुंबासह गेले, किल्ली अर्थात कोनाड्यात. लग्नसराईच्या ऑर्डरी होत्या म्हणून शेड तेवढी चालू होती. आम्ही तिघं दुकानात बसून होतो. दुसऱ्या दिवशी शिवप्पा अडतीवर जायचा होता. त्यानं सोल्डरिंग आयर्न पुसून कागदात गुंडाळलं, तेव्हा मला खरंच रडू आलं.

दुपारी शेडमधला एकजण सायकलवरून धापा टाकत आला. "शिवप्पा! माग थांबले! दोंगा घावला, दोंगा! चौकीत नेलाय!"

दोंगा म्हणजे चोर, एवढं तेलुगू मला कळत होतं. आम्ही चौकीकडे पळत सुटलो. वाटेत तो सांगत होता. माग बंद पडले तसा सगळा बोळ जागा झाला. पन्नास-साठ माणसं घरात घुसली. चोर आतल्या खोलीत उभा होता. अंगात मिरवणुकीतली पांढरीशुभ्र बाराबंदी, डोक्याला फेटा. "आता बाराबंदी घालून चोऱ्या करतात, काय दिवस आले!"

चौकीत चादरीनं बांधलेला माणूस बाकावर बसवला होता. फेटा सुटलेला, एक बाही फाटलेली. आम्ही दारातच थिजलो. ते अण्णा होते!

झालं होतं असं. माग थांबवणाऱ्या मशीनचा बोभाटा बाजारात पोचला होता. अण्णांचा विश्वास बसेना. मिरवणुकीत नरसय्या शेठ कुटुंबासह दिसले, म्हणजे घर रिकामं, आणि किल्ली कोनाड्यात असते हे तर सगळ्या गावाला माहीत. तेव्हा स्वतःच आत जाऊन यायचं आणि उद्या शिवाला सांगायचं, "मी फिरून आलो, कुणी विचारलं बी न्हाई," असा बेत करून ते मिरवणुकीतून निसटले होते.

हवालदार वहीपुढं बसले होते. म्हणाले, "हे म्हणतात, मी चोर न्हाई, अलार्मवाल्याचा थोरला भाऊ हाय. ओळखता का?"

 शिवप्पानं पुढं होऊन भावाच्या अंगावरची चादर सोडली, फेट्यावरची धूळ झटकली आणि तो त्यांच्या मांडीवर ठेवला. मग समोर उकिडवा बसला. 

"अण्णा, भाऊ म्हणून सांगितलं तर आत्ता सोडतील. मग उद्या मी अडतीवर येतो. शब्द दिलाय. तुमी सांगाल तसं."

बाहेर बोळातली माणसं दाटीवाटीनं उभी होती. सगळे बघत होते. अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलं, धाकट्या भावाकडे पाहिलं, फेट्याचा एक पदर उगाच बोटांनी दाबत राहिले.

"तर काय लिहू?" हवालदारांनी विचारलं.

अण्णा सावरून बसले. "लिहा चोर," ते म्हणाले. "फक्त आडनाव घालू नका!"