चॅट बंद पडलं ती दुपार
तापलेल्या धुळीचा वास आला की लातूरच्या ट्यूशनच्या गल्लीतली आमची खोली आठवते. वसतिगृहांतल्या मुलांना आपसांत बोलता यावं म्हणून मी आणि माझा मित्र तिथून एक चॅट सर्व्हर चालवायचो. परीक्षेच्या तोंडावर कुणीतरी त्यावर खोट्या मेसेजांचा लोंढा सोडून तो पाडायला लागलं. आम्ही दुसरा सर्व्हर जोडला, असे मेसेज बाहेरच अडवणारी फायरवॉल बसवली. "आता न्हाई पडत बघ," मित्र म्हणाला, आणि थोड्याच वेळात दोन्ही सर्व्हर बंद पडले. तेवढ्यात किनवटहून शिकायला आलेल्या एका मुलीचा फोन आला. "दादा, लई एकटं वाटून राहिलंय. तिथंच तर बोलत होते मी. आता कुणाशी बोलू?" मी नुसता "थांब, करतोय" म्हणत राहिलो. दुसऱ्या दिवशी ती परीक्षा न देताच गावी निघून गेली. सर्व्हर कुणी पाडले, का पाडले, ते कधीच कळलं नाही. आणि तिला काय सांगायला हवं होतं, तेही मला अजून सुचलेलं नाही.